सलीम मिर्झाला काय मिळालं? ‘गर्म हवा’ची केस

गेल्या दिवाळीत मेव्हण्याबरोबरची एक पैज हरलो आणि पाच जणांना मिसळ खाऊ घालावी लागली, तिथून हे सगळं सुरू झालं. भाऊबीजेचं जेवण होऊन सगळे आडवे पडलेले, टीव्हीवर ‘वक्त’मधलं ‘ऐ मेरी जोहरा जबीं’ लागलं, सासूबाई म्हणाल्या काय देखणा माणूस होता हा, आणि मी आपलं शहाणपण पाजळायला म्हणालो की देखणेपणाचं सोडा हो, बलराज साहनी बघायचा तर ‘गर्म हवा’मध्ये बघा, नॅशनल अवॉर्ड मिळालंय त्याला त्याच्यासाठी. मेव्हण्याने फोन काढला. "दाजी, नाही मिळालेलं." बरं मग फिल्मफेअर असेल. "तेही नाही." असं कसं होईल, लावतोस का मिसळ? लावली. हरलो.

मिसळीचं काही नाही हो. पण हा पिक्चर मी चार वेळा पाहिलाय आणि चारही वेळा माझ्या डोक्याने त्या माणसाला परस्पर पुरस्कार देऊन टाकला होता, कधी चेक करावंसं वाटलंच नाही. मग बसलो खोदत. एका भूमिकेला पुरस्कार मिळाला नाही म्हणजे नक्की काय काय झालं, कुठल्या दारातून ती परत आली, कारणं म्हणून जे आपण पटकन सांगतो ते खरंच टिकतं का, हे एकाच केसवर नीट तपासून बघू म्हटलं.

आधी पिक्चर, न पाहिलेल्यांसाठी. फाळणी होऊन गेलीय, गांधीजी गेलेत. आग्र्यात सलीम मिर्झा (हाच बलराज साहनी) नावाचा बूट बनवणारा कारखानदार आहे, मोठं एकत्र कुटुंब, पिढीजात हवेली, आणि घरातलं एकेक माणूस पाकिस्तानला चाललंय. बहीण जाते, पुढारी असलेला मोठा भाऊ जातो, शेवटी स्वतःचा थोरला मुलगाही जातो. हवेली भावाच्या नावावर म्हणून ती पाकिस्तानात निघून गेलेल्याची मालमत्ता ठरते आणि सिंधमधून आलेल्या एका व्यापाऱ्याकडे जाते (तो ए. के. हंगल, आणि तोही बिचारा घरदार सोडूनच आलेला). कर्ज मिळत नाही, भाड्याने घर मिळत नाही, हेरगिरीचा आळ येतो, मुलगी जीव देते. आणि सलीम म्हणतो मी जाणार नाही. इस्मत चुगताईंची कथा, कैफी आझमी आणि शमा झैदींची पटकथा, दिग्दर्शक एम. एस. सथ्यू, म्हैसूरचा माणूस, मूळचा नाटकाच्या नेपथ्यातला. फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने अडीच लाख दिले, बाकीचे इकडूनतिकडून उभे केले. फारूख शेखचा हा पहिला पिक्चर, त्याला म्हणे ७५० रुपये मिळाले. आवाज रेकॉर्ड करायचं सामान लोकेशनवर न्यायला पैसे नव्हते म्हणून अख्खा पिक्चर मुका शूट केला आणि आवाज मागाहून मुंबईत डब केला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता पिक्चरचा प्रवास बघा, म्हणजे गंमत कळेल. सेन्सॉरमध्ये तो कित्येक महिने अडकला, दंगली होतील या भीतीने, शेवटी प्रकरण थेट इंदिरा गांधींपर्यंत गेलं तेव्हा सुटला. मग १९७३ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला राष्ट्रीय एकात्मतेवरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून पुरस्कार मिळाला. १९७४ ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. ऑस्करसाठी भारताची एंट्री म्हणून गेला. आणि १९७५ च्या फिल्मफेअरला त्याला तीन बाहुल्या मिळाल्या: कथा, पटकथा, संवाद.

म्हणजे पिक्चर दुर्लक्षित राहिला असं म्हणायची सोयच नाही! चार मोठ्या दारांतून तो आत गेला, दोन ठिकाणी बक्षीस घेऊन बाहेर आला. विषयाचा सन्मान झाला, लेखणीचा तीन-तीनदा झाला. ज्याच्या चेहऱ्यावर अख्खा पिक्चर उभा आहे तो माणूस तेवढा यादीत नाही. मला ही केस म्हणून इंटरेस्टिंग वाटते ती यामुळे, नाहीतर कुणी पाहिलाच नाही अशा पिक्चरमधल्या चांगल्या भूमिका ढिगाने सापडतात.

मेव्हण्याचं उत्तर तयार होतं. "दाजी, सगळी सेटिंग असते." आता हे उत्तर हवेतलं नाहीये, ऋषी कपूरने स्वतःच्या आत्मचरित्रात सरळ लिहिलंय की त्याने त्या काळात ३०,००० रुपये देऊन पुरस्कार घेतला होता. पण ते सेटिंगचं औषध सगळ्याच दुखण्यांवर चालत नाही. त्या वर्षीचा निकालच बघा ना. १९७५ ला सर्वोत्कृष्ट चित्रपट कोणता? ‘रजनीगंधा’. बासू चटर्जींचा लहानसा, बिनमारामारीचा पिक्चर, आपला अमोल पालेकर हिंदीत पहिल्यांदाच नायक आणि विद्या सिन्हाही नवीन. म्हणजे छोट्या पिक्चरला फिल्मफेअरवाले विचारत नव्हते हे खोटं. सर्वोत्कृष्ट अभिनेता कोण? राजेश खन्ना, पण ‘आविष्कार’साठी, जो बासू भट्टाचार्यांचा नवरा-बायकोच्या कोमेजलेल्या संसारावरचा पिक्चर आहे, त्यात काकासाहेबांनी मान हलवून डोळे मिचकावलेले नाहीत. म्हणजे मसाल्यालाच देतात हेही पूर्ण खरं नाही. (सहायक अभिनेत्रीचं त्या वर्षी दुर्गाबाई खोटेंना मिळालं, ‘बिदाई’साठी. ते बरोबरच होतं, त्यात बोलायची सोय नाही.) फक्त राजेश खन्ना हा राजेश खन्ना होता, आणि संयत अभिनय सुपरस्टारने केला की लोक त्याला ‘अरे वा, हेही जमतं याला’ म्हणतात, आणि बलराज साहनीने केला की ‘तो तर तसाच आहे’ म्हणतात. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो.

राष्ट्रीय पुरस्काराचं दार वेगळं. तिथे अभिनेत्याला मिळायचा तो भरत पुरस्कार, आणि १९७३ चा गेला पी. जे. अँटनी यांना, ‘निर्माल्यम्’ या मल्याळम पिक्चरसाठी. एम. टी. वासुदेवन नायरांचा पिक्चर, देवीचं वारं अंगात येणारा एक म्हातारा वेळिच्चप्पाड, घरात अन्न नाही, आणि शेवटी तो कपाळावर तलवार मारून घेतो आणि तोंडातलं रक्त देवीच्या मूर्तीवर थुंकतो. हा सीन ज्याने पाहिलाय तो विसरू शकत नाही. तेव्हा ज्युरीने गाढवपणा केला असं मी अजिबात म्हणणार नाही, अँटनींचा हक्क होताच. पण दोन भूमिका शेजारी ठेवून बघा: एकीत माणूस फुटतो, दुसरीत माणूस फुटायचं नाकारतो. दहा-पंधरा दिवसांत एकामागून एक पिक्चर बघणाऱ्या ज्युरीच्या डोक्यात शेवटी काय उरेल, सांगा बरं? मी दोन्ही पाहिलेत आणि माझ्या डोक्यातही आधी ते रक्तच येतं.

कानला त्या वर्षी जॅक निकल्सनला मिळालं, ‘द लास्ट डिटेल’साठी, तोंडाचा पट्टा अखंड चालू असलेला खलाशी. तेही चांगलंच काम आहे. पण परत तेच.

आता सलीम मिर्झा काय करतो ते जवळून बघू, कारण ‘संयत अभिनय’ हा शब्द वापरून वापरून पार गुळगुळीत झालाय.

सुरुवातीलाच तो कुणाला तरी स्टेशनवर सोडून टांग्यातून घरी येतोय. टांगेवाला विचारतो आज कुणाला पोचवून आलात, आणि मग वाऱ्याबद्दल काहीतरी बोलतो, गरम वारा आहे, जो उपटला गेला नाही तो वाळून जाईल अशा अर्थाचं. पिक्चरचं नाव त्यातून आलंय. कुठल्याही नटाने तिथे एक उसासा टाकला असता, दिग्दर्शकाने पण मागितला असता. साहनी टांग्याच्या हिंदकळण्याबरोबर फक्त हलत राहतो, रोजच्या रस्त्यावरून जाणारा माणूस जसा बसतो तसा.

बँकेतला सीन घ्या. कर्ज मागायला गेलाय, मॅनेजर गोलगोल बोलतोय की लोक कर्ज घेतात आणि पलीकडे निघून जातात, तुम्ही समजून घ्या. सलीमचं म्हणणं इतकंच की जे पळून गेले त्यांची शिक्षा जे पळालेले नाहीत आणि ज्यांना पळायचंही नाही त्यांना का? कागदावर हे भाषण आहे. कोर्टातला डायलॉग आहे, टाळीचा. साहनी ते कसं म्हणतो, तर पोस्टात चुकीचं तिकीट दिलं म्हणून बदलून मागावं तसं. थोडा संकोच, थोडा धंदेवाईक सरळपणा, आवाज टेबलाच्या पलीकडे जाणार नाही इतकाच. कारण असा माणूस बँकेत जोरात बोलत नाही, अजून पुढच्या महिन्यात त्याला तिथेच यायचंय.

आणि घर शोधायचा भाग. घरमालक घर दाखवतात, भाडं ठरत येतं, मग नाव विचारतात आणि काहीतरी निघतंच. असं पुन्हापुन्हा झाल्यावर एका दारात तो आधीच सांगून टाकतो की माझं नाव सलीम मिर्झा, मी मुसलमान आहे, आता घर बघू का? मी हा भाग पहिल्यांदा पाहिला तेव्हा पुण्यात स्वतः भाड्याची खोली शोधत होतो, बॅचलर म्हणून नकार ऐकत होतो, आणि मला वाटायचं आपलं दुःख फार मोठं आहे. तर ते सोडा. साहनीने ते वाक्य कडवट केलेलं नाही. त्यात चिडका टोमणा नाहीये. वेळ वाचवणाऱ्या, थकलेल्या माणसाचं वाक्य आहे ते, जवळजवळ विनोदी, समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून काळजी घेणारं. ज्याचा अपमान होतोय तोच अपमान करणाऱ्याची लाज राखतोय, आणि हे कुठेही संवादात लिहिलेलं नाही, ते फक्त म्हणण्यात आहे.

मुलगी आमिना जीव देते तो सीन तर मी लिहूच नये. गीता सिद्धार्थने आमिना फार सुंदर केलीय, एक लग्न मोडलं, दुसरं मोडलं, आणि मग लग्नाच्या जोड्यातच ती हाताची नस कापून घेते. बाप येतो, बघतो. रडत नाही, ओरडत नाही, बायकोसारखा कोसळत नाही. फक्त चेहऱ्यातलं काहीतरी विझतं. साहनींची स्वतःची मुलगी शबनम १९७२ मध्ये गेली होती, म्हणजे या शूटिंगच्या आगेमागेच. त्यावरून लोक म्हणतात तो अभिनय नव्हताच, खरं होतं. मला ही स्तुती आवडत नाही. खऱ्या दुःखात माणूस कॅमेऱ्याकडे बरोबर कोनात उभा राहत नाही. आणि सारखं हे म्हणूनच तर त्याचं काम कामात धरलं गेलं नाही. नैसर्गिक आहे, तसाच आहे, भोगलेलं आहे, मग त्यात त्याने केलं काय?

केलं काय ते सांगतो. ‘दो बिघा जमीन’च्या वेळी हा लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजात शिकलेला, लंडनला बीबीसीवर काम करून आलेला, त्याच्या आधी वर्ध्याला सेवाग्रामात गांधीजींकडे राहिलेला साहेबी माणूस, याला शेतकऱ्याचा रिक्षावाला करायचा होता. तर हा जोगेश्वरीत उत्तरेकडून आलेल्या म्हशीवाल्या भैयांच्या वस्तीत जाऊन बसायचा, ते गमछा कसा बांधतात, कसे उठतात-बसतात ते बघायला, आणि कलकत्त्याच्या रस्त्यावर खरोखर रिक्षा ओढली. इतकी तयारी करून मग ती कुणाला दिसू द्यायची नाही, हा त्याचा धंदा होता. ‘हलचल’च्या वेळी तर तो राजकीय कैदी म्हणून आर्थर रोड जेलमध्ये होता आणि तिथून शूटिंगला यायचा.

आणि त्या ‘दो बिघा’चं पुरस्कारात काय झालं? इथे मी खुर्चीतून उठलोच. १९५४, फिल्मफेअरचं पहिलंच वर्ष, मुंबईत मेट्रोला कार्यक्रम, एकूण पाचच पुरस्कार. चित्रपट ‘दो बिघा जमीन’. दिग्दर्शक बिमल रॉय, ‘दो बिघा जमीन’साठीच. आणि अभिनेता? दिलीपकुमार, ‘दाग’साठी. म्हणजे पुरस्काराच्या पहिल्या दिवसापासून या माणसाचं हेच: पिक्चरला द्या, दिग्दर्शकाला द्या, हा तर तसाच आहे. वीस वर्षांनी ‘गर्म हवा’ला नेमकं तेच, फक्त दिग्दर्शकाच्या जागी लेखक. राष्ट्रीय पुरस्कारात नटांना बक्षीस द्यायला १९५४ ला सुरुवातच झाली नव्हती, ती १९६७ च्या चित्रपटांपासून झाली. आणि पुढे १९७१ चा भरत पुरस्कार तमिळ सुपरस्टार एमजीआरना मिळाला, ‘रिक्षाकारन’साठी. रिक्षावाल्याच्याच भूमिकेला! नशीब नशीब म्हणतात ते हेच असावं.

त्या तीन लेखन पुरस्कारांकडे आता परत या. कैफींचे संवाद अप्रतिम आहेत, वाद नाही. पण हा पिक्चर परत बघताना मोजून बघा, सलीमच्या वाट्याला ऐकायचं किती आहे. घरातली प्रत्येक व्यक्ती येऊन त्याला काहीतरी सांगते. भाऊ जायचं कारण सांगतो, मुलगा सांगतो, बायको (शौकत कैफी, फार जबरदस्त) रोज सांगते, व्यापारी सांगतो, वकील सांगतो. हा ऐकतो. पिक्चर पुढे सरकतो तो याच्या ऐकण्यातून, कारण आपल्याला प्रत्येक वेळी वाटतं की आता हा हो म्हणेल, आता निघेल. संवाद ज्याने म्हटला त्याला शाबासकी मिळते, लिहिणाऱ्याला बाहुली मिळते, आणि ज्याने तो ऐकून घेतला म्हणून तो आपल्या काळजात उतरला त्याच्या कामाला पुरस्काराच्या फॉर्मवर रकानाच नाही. माझ्या मते या केसचं मुख्य कारण हे.

दुसरं कारण साधं आणि क्रूर. पुरस्कार जाहीर होईपर्यंत माणूसच राहिला नव्हता. १३ एप्रिल १९७३ ला बलराज साहनी हार्ट अटॅकने गेले, साठी गाठायला महिनासुद्धा नव्हता उरला (जन्म १ मे १९१३, रावळपिंडी). आदल्याच दिवशी त्यांनी ‘गर्म हवा’चं डबिंग संपवलं होतं. पिक्चर लोकांसमोर आला १९७४ ला. मधे अख्खं वर्ष. पार्टीत दिसणार नाही, मुलाखत देणार नाही, समारंभात सूट घालून पहिल्या रांगेत बसणार नाही अशा माणसाला कोण लक्षात ठेवतं. मरणोत्तर देतच नाहीत असं काही नाही, पीटर फिंचला ऑस्कर मेल्यावर मिळालं, आपल्याकडे श्रीदेवीला ‘मॉम’साठी राष्ट्रीय पुरस्कार मरणोत्तरच मिळाला. पण त्यासाठी कुणीतरी खोलीत ते नाव जोर लावून घ्यावं लागतं, आणि सथ्यू तेव्हा पिक्चर सुटावा म्हणून दिल्लीच्या खेपा घालत होते.

एकात्मतेचा पुरस्कार मिळाल्याने नुकसान झालं का, हाही प्रश्न मी घोळवत बसलोय. विषयाचं लेबल एकदा लागलं की लोक पिक्चर कर्तव्य म्हणून बघतात, शाळेतल्या २६ जानेवारीच्या भाषणासारखा. मग त्यातला माणूस हा माणूस न राहता उदाहरण होतो, आणि उदाहरणाला कुणी अभिनयाचं बक्षीस देत नाही. खात्रीने नाही सांगू शकत, पण मला पटतं थोडंसं. त्यातून आणखी एक गंमत बघा: हा रावळपिंडीचा पंजाबी, ज्याचं स्वतःचं गाव फाळणीत पलीकडे गेलं, तो इथे आग्र्याच्या मुसलमानाची भूमिका करतोय जो गाव सोडायला तयार नाही. म्हणजे वास्तविक तो हंगलच्या बाजूचा माणूस, आणि पिक्चरभर हंगलसमोर उभा. याच्यावर कुणी बोललेलंही मला फारसं सापडलं नाही.

जाताजाता दादीबद्दल, म्हणजे सलीमच्या आईबद्दल एक ओळ, कारण तिच्यावर पण अन्याय आहे. हवेली सोडायला नको म्हणून लपून बसणारी ती म्हातारी, मरायला पालखीतून परत हवेलीत आणतात तिला. ते काम केलं बदर बेगम यांनी आणि आवाज दिला दीना पाठकांनी. आता पुरस्कार द्यायचा तरी कुणाला, चेहऱ्याला की गळ्याला? दोघींपैकी कुणालाच नाही दिला, मिटलं.

शेवटच्या सीनमध्ये हे कुटुंबही अखेर टांग्यात बसून स्टेशनकडे निघालंय. वाटेत मोर्चा लागतो, धाकटा मुलगा सिकंदर उतरून त्यात जातो, आणि सलीम टांगा परत फिरवायला सांगून स्वतःही उतरतो. साहनींनी डब केलेलं शेवटचं वाक्य यातलंच असं सांगतात, माणूस एकटा किती दिवस जगणार अशा अर्थाचं. पिक्चर मुका शूट झालेला, त्यामुळे ते वाक्य त्यांनी आग्र्याच्या गर्दीत नाही, मुंबईत काळोख्या डबिंग रूममध्ये, पडद्यावरच्या स्वतःच्या ओठांकडे बघत म्हटलंय. आणि तरी ऐका, दम लागलेला ऐकू येतो त्यात.

मेव्हण्याला मी लिंक पाठवली होती, बघशील तर बघ म्हणून. हा प्राणी सगळं दीडपट स्पीडवर बघतो, वेबसिरीजसुद्धा. आठ-दहा दिवसांनी रात्री साडेबाराला त्याचा मेसेज आला. "दाजी, बँकेच्या सीनपासून स्पीड नॉर्मलवर आणला." मग दोन मिनिटांनी दुसरा. "तो दो बिघावाला पण पाठवा."